आज शेंगदाणे मिळणार नाहीत

सगळे प्रवासी विमानात शिरले तरी तो दारातच घुटमळत होता. मग हळूच म्हणाला, "ऐका ना... मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. शेजारी कुणी खाल्ले तरी त्रास होतो. तिकीट काढताना कळवलं होतं—"

माझ्यापर्यंत काहीच आलं नव्हतं. आजचं हे माझं तिसरं विमान. पाय सुजलेले, चेहऱ्यावरचं हसू केवळ सवयीचं. आणि ट्रॉलीत खारे दाणेच भरलेले!

मी कॅप्टनना सांगितलं, ट्रॉलीतले दाणे कुलूपबंद केले, त्याची सीट स्वतः पुसली आणि माइकवरून सगळ्यांना दाणे न खाण्याची विनंती केली.

त्याच्या पुढच्या रांगेतले काका भडकले. "एका माणसासाठी आम्ही उपाशी बसायचं?"

"काका, वर गेल्यावर यांचा श्वास अडकला तर विमान रस्त्याच्या कडेला लावता येत नाही हो."

काकांनी हातातलं दाण्यांचं पाकीट मुकाट्यानं बॅगेत टाकलं.

थोड्या वेळानं मी माझ्या डब्यातलं संत्रं त्याच्यापुढे धरलं. "सकाळपासून उपाशी दिसता. सालीसकट आहे. माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही."

"तुम्ही दाणे खाता?"

"आज नाही खाल्ले."

"मग चालेल." तो पहिल्यांदाच हसला. सोलून अर्धं मला देत म्हणाला, "तुम्ही तरी कुठे जेवलायत?"

हे मला कुणी विचारून किती दिवस झाले होते... डोळे भरून आले. दमल्यामुळेच असावं!

विमान उतरलं. बाहेर आले तर तो बसथांब्यावरच्या बाकापाशी उभा. "चहा घ्याल?"

नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. तो चहा आणायला गेला, मी बाकावर टेकले... जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि चहा थंडगार.

"अय्या! उठवायचं ना! तुमची बस?"

"गेली. तिच्यामागचीही गेली."

"अहो, पण का?"

तो कपाशी चाळा करत राहिला. "माझ्यामुळे लोकांची गैरसोय होते, म्हणून मी सारखा माफी मागत फिरतो. आज तुम्ही... माझ्या बाजूनं भांडलात. तुम्ही मला आवडलात— फार."

लाजायलासुद्धा अंगात जोर नव्हता.

"मलाही तुम्ही..." मी पुटपुटले. "पण बाकीचं नंतर बोलू? अजून जराशी झोपते."

त्यानं खांदा थोडा जवळ सरकवला.