न भरवलेला घास

मावशींच्या हाताखालून आजवर पंधरा अंथरुणाला खिळलेली माणसं गेली होती. किळस म्हणजे काय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण या घरातले आजोबा, जन्मभर थिएटरात प्रोजेक्टर चालवलेले, काही केल्या तोंडच उघडेनात. मुलगा रडकुंडीला आला होता.

"मावशी, आठवडाभरात जेवले नाहीत तर डॉक्टर नाकातून नळी घालणार. बाबा तर हातानेच नको नको म्हणतायत हो."

"नळी कशाला? मी बसलेय ना इथे!" मावशी बोलून बसल्या.

त्याच दुपारी टीव्हीवर ते सिनेमे सुरू झाले. शंभर वर्षांपूर्वीचा युरोपातला कुणी थोर दिग्दर्शक. रोज एक वाजता त्याचा एक मूकपट. "काय बाई ही पांढरीफटक तोंडं!" मावशी हसल्या. पण बघता बघता चमचा हातातच राहिला. एक म्हातारी नुसती दाराकडे बघत बसते, शब्द नाही की काही नाही, आणि इकडे मावशी पदराने डोळे पुसतायत! असलं काही जगात आहे, हे पन्नाशी उलटेपर्यंत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारी आजोबांनी आ केला. वाटीभर गाजराचं सूप गट्टम.

तिसऱ्या दिवशी मेजवानीचा सिनेमा होता. लांबलचक टेबल, जाडजूड पाहुणे, कॅमेरा इतका जवळ की ओठांवरची चरबी दिसावी. आजोबा मचामचा चावत होते. मावशींनी वाटीकडे पाहिलं. गाजराच्या सुपाने काठोकाठ भरलेली. अजून एकही चमचा दिला नव्हता…

"आजोबा… काय खाताय?"

भरवून झालं की गालात बोट फिरवून उरलेला घास काढायचा, नाहीतर ठसका लागतो. हाताच्या सवयीने बोट आत गेलं. थंड, बुळबुळीत मांसाचा तुकडा बाहेर आला. भर दुपारच्या उजेडातही करडा, पडद्यावरच्यासारखा, आणि त्यात अडकलेला एक लांब केस. खवट चरबीचा भपकारा सुटला. शी! मावशींना बेसिनपर्यंतही पोचता आलं नाही.

तोंड धुऊन परत आल्या तर वाटी रिकामी. आजोबांचे ओठ कोरडे. पडद्यावर मात्र एका पाहुण्याच्या पांढऱ्या हनुवटीवरून काहीतरी ओघळत होतं. केशरी.

मुलाचा फोन आला. "जेवले?"

"जेवले," मावशी म्हणाल्या. खरं सांगितलं तर नळी आलीच.

आणखी दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. आजोबांचे गाल भरले, पण जीभ करडी पडली, घामालाही तो वास. चादर बदलताना मावशी श्वास रोखून धरत. शेवटी त्यांनी टीव्ही घराबाहेर काढायला लावला आणि मुलाला सगळं खरं सांगून टाकलं.

"तुम्ही दमलायत, मावशी," तो एवढंच म्हणाला.

त्यानंतर दोन दिवस आजोबांच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मग नळी घातलीच. दूध सोडण्याआधी पोट रिकामं आहे ना, हे पाहायला डॉक्टरांनी सिरिंज मागे ओढली… आणि नाक दाबलं. सिरिंजमध्ये करडा लगदा भरत होता. भरतच होता.

"हे ताजं आहे," डॉक्टर म्हणाले. "आत्ता कुणी भरवलं यांना?"

मावशी पलंगाच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. आजोबांनी मान उजवीकडे, रिकाम्या भिंतीकडे वळवली, शहाण्यासारखा आ केला आणि चावायला लागले.