गाळणीतला पांढरा चुरा

'टिटवी' अंतराळस्थानकातल्या हवेच्या गाळण्या तिसऱ्यांदा तुंबल्या आणि सगळ्यांनी यमुनामावशींकडे बोट दाखवलं. गाळणीत पांढरा चुरा सापडला होता, आणि स्थानकावर पीठ हाताळणाऱ्या त्या एकट्याच. इथे वजन जाणवत नाही, त्यामुळे सांडलेलं खाली न पडता तरंगत राहतं. कमांडर शिरोडकरबाईंनी मावशींच्या भाकऱ्याच बंद केल्या. आता सगळ्यांच्या नशिबी पिशवीतली खिचडी.

विज्ञान शिबिराला आलेली शाल्मली मान खाली घालून ती खिचडी गिळत होती. चुरा कसला ते तिला पक्कं ठाऊक होतं. तो तिच्या डोक्यातला कोंडा होता. तो जावा म्हणून ती रोज गुपचूप डोक्याला तेल थापायची, घरी आई थापायची तसंच, आणि कोंडा बेटा वाढतच होता. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

चौथ्या दिवशी ती प्रयोगशाळेत मुलाणीकाकांकडे गेली. "काका, ते पीठ नाहीये," एवढंच बोलून तिने डोक्याकडे बोट केलं.

जीवशास्त्रज्ञ मुलाणीकाका हसले नाहीत. त्यांनी एक पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "या मेलेल्या पेशी (शरीराचे अगदी बारीक घटक). सगळ्यांच्याच झडतात, पण सुट्या, न दिसणाऱ्या. आणि हे गोल दाणे म्हणजे मॅलासेझिया नावाची बुरशी. ती माझ्याही डोक्यात आहे."

"म्हणजे मी घाणेरडी नाही?"

"अजिबात नाही. ती टाळूवरचं तेल खाते. त्यातून जे तयार होतं, ते काहींच्या टाळूला झोंबतं. मग टाळू घाईघाईने नवी त्वचा बनवते आणि जुनीचे पापुद्रे सुटतात. तू तर बुरशीला रोज पंगत वाढत होतीस."

शाल्मलीचे कान तापले. "मग आता?"

"तेल बंद. आठवड्यातून दोनदा बुरशीनाशक (बुरशीची वाढ रोखणारा) शाम्पू. लावून पाच मिनिटं थांबायचं, मग ओल्या टॉवेलने पुसायचं. महिनाभरात फरक पडेल. पुन्हा झाला, तर पुन्हा हेच."

हलक्या मनाने ती स्वयंपाकघरात गेली आणि मावशींना सगळं सांगून टाकलं.

"कोंड्याचं काय एवढं, बाळ," मावशी म्हणाल्या. "पण चार दिवस सगळे मला वेंधळी म्हणत होते, आणि तू समोर बसून ऐकत होतीस."

आता मात्र शाल्मलीला खरी लाज वाटली. या लाजेवर काकांकडे औषध नव्हतं.

जेवायला सगळे जमल्यावर तिने टेबलाची कड घट्ट धरली. "ते मावशींचं पीठ नव्हतं, माझा कोंडा होता. मला माहीत होतं, तरी मी गप्प बसले. मावशी, माझं चुकलं. आता मी औषधी शाम्पू लावणार आहे."

मग शिरोडकरबाईंनी घसा खाकरला. "मावशी, आमचंही चुकलं," त्या म्हणाल्या. आणि जरा अडखळत शाल्मलीकडे वळल्या, "त्या शाम्पूची एक बाटली मलाही मिळेल का गं?"