दात्याच्या नावाखालचं बटण

तो चार्जर आधी मी पाहिला होता. सुयोग हे आजही मान्य करत नाही, तो भाग वेगळा!

मुलुंडला शिवदासच्या भंगाराच्या दुकानात वायरींचा हा एवढा ढीग असतो. त्यातून मी एका चार्जरचं टोक ओढत होते आणि दुसरं टोक ओढत होता एक उंच मुलगा... चष्मा नाकावर घसरलेला, कोपरापर्यंत धूळ.

"सोड ना. मी आधी धरला."

"मी आधी बघितला," मी म्हणाले.

"बरं, लॅपटॉप कुठला तुझा?"

मी मॉडेल सांगितलं. त्याचे डोळे असे चमकले, जणू मी त्याच्या एखाद्या जुन्या मैत्रिणीचीच खुशाली सांगितली असावी. "तो अजून चालतो?"

"एक नाही, अख्खं कपाट भरून आहेत. चालत नाहीत, म्हणून तर इथे उभी आहे."

त्याने चार्जर सोडला आणि हसला. त्या हसण्यावर मी तिथेच भाळले, हेही सांगून टाकते.

आमच्या बुद्धविहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, ती मी सांभाळते. एका ऑफिसने टाकून दिलेले लॅपटॉप विहाराचं कामकाज बघणाऱ्या अंबादासकाकांनी खटपट करून आम्हाला मिळवून दिले होते. पण त्यात विंडोजऐवजी लिनक्स, तेही जुनं, त्याचे अपडेट बंद झालेले. सराव परीक्षांची साइट त्यावर उघडेचना. दुसरं नवं लिनक्स टाकलं, तर तेवढ्याशा मेमरीत ते धापा टाकायला लागलं. सुयोग परब राहायचा भांडुपला, आणि नोकरी सर्व्हर सांभाळण्याची. माझं रडगाणं ऐकून पुढच्याच शनिवारी तो पेन ड्राइव्हवर एक हलकंसं लिनक्स घेऊन आला... आणि मग दर शनिवारी येत राहिला.

एका लॅपटॉपचा आवाज गेला, दुसऱ्याची स्क्रीन काळीठिक्कर. "वाट लागली!" मी ओरडायचे. तो शांतपणे म्हणायचा, "घाबरतेस काय? मशीन काय म्हणतंय ते आधी वाच." मग आम्ही दोघं एकाच स्क्रीनवर वाकून वाचायचो. त्यातलं निम्मं माझ्या डोक्यात शिरायचंच नाही... त्याचा खांदा फार जवळ असायचा.

"आज हे लिनक्स, उद्या ते," मी एकदा चिडवलं. "मुलींच्या बाबतीतही असंच का रे?"

"नाही गं. तिथे अजून काही इन्स्टॉलच झालेलं नाही."

आणि कान लाल झाले ते त्याचेच.

एकेक लॅपटॉप सुरू होत गेला. मुली येऊन बसू लागल्या. मला आनंद व्हायचा आणि मी उरलेले लॅपटॉप मोजायचेही. शेवटचा लॅपटॉप सुरू झाला, की सुयोगला यायचं कारणच उरणार नव्हतं.

तो शेवटचा मात्र हट्टी निघाला. जुन्या लिनक्सवर त्याचं वायफाय व्यवस्थित चालायचं, नव्यावर बंद. सुयोगने ड्रायव्हर टाकला, काढला, आणखी एक लिनक्स टाकून पाहिलं. नाहीच. "पुढच्या शनिवारी बघू," तो म्हणायचा आणि मी मनातल्या मनात त्या लॅपटॉपची दृष्ट काढायचे. इकडे अभ्यासिकेतली जया रोज विचारायची, "ताई, तो कधी सुरू होणार?" तिची परीक्षा तोंडावर आली होती आणि घरी कॉम्प्युटर नव्हता.

त्या शनिवारी सुयोग खाली चहा आणायला गेला होता. मी एकटीच ती नेहमीची ओळ वाचत बसले. वायफाय बाहेरच्या बटणाने बंद केलंय, असं मशीन सांगत होतं. पण बटण होतं कुठे? आम्ही तर चारही कडा पाहिल्या होत्या.

आमच्याकडे पंख्याच्या पात्यापासून पाण्याच्या पिंपापर्यंत सगळ्यावर दात्याचं नाव असतं. प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर 'अंबादासकाकांकडून सप्रेम भेट' अशी पट्टी मीच चिकटवली होती. या एकाचं झाकण तडकलेलं, म्हणून पट्टी पुढच्या कडेला लावली, नेमकी नवं लिनक्स टाकलं त्याच दिवशी. तिच्यावरून बोट फिरवलं... आणि खाली उंचवटा लागला. पट्टी दाबून बसवताना ते बटण मीच सरकवलं होतं!

माझा हात थांबला. खिडकीतून सुयोग दिसत होता, टपरीवर. बोललेच नाही तर? आणखी एक शनिवार मिळेल. कुणाला कळणार होतं?

पण जया समोरच बसली होती, पुस्तकात डोकं खुपसून.

"सुयोग! वर ये, सापडलं!" मी खिडकीतून हाक मारली.

त्याने पट्टी सोलली, बटण सरकवलं. निळा दिवा लागला. "झकास!" तो ओरडला. जयाने तर लॅपटॉप ओढूनच घेतला आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मग तो पेन ड्राइव्ह, वायरी गोळा करू लागला. फारच सावकाश.

"झालं मग," तो म्हणाला.

"सुयोग... हा सुरूच होऊ नये, असं वाटत होतं मला. मग तू येणार नाहीस ना." मी एका दमात सांगून टाकलं. "आवडतोस तू मला."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, "मी घरी सांगितलंय."

"काय?"

"आईने विचारलं, 'इतके शनिवार कसले कॉम्प्युटर दुरुस्त करतंस रे? चेडू कोण ता सांग.' सांगितलं मग, मुलगी कोण ते. तुझं नाव, विहार... सगळं."

त्या 'सगळं'मध्ये काय काय येतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "मग?"

"दोन दिवस बोललीच नाही. काल म्हणाली, 'तिका घरी घेवन ये. मगे बघू.'"

"बघू म्हणजे हो नाही रे."

"नाही पण नाही ना, यार."

मला हसू आलं आणि रडूही. "आईला सांगितलंस. आणि मला?"

"तुला सांगायची जास्त भीती वाटत होती." त्याने चष्मा वर सरकवला. "उद्या येशील घरी?"

"उद्या तर रविवार. आपला वार शनिवार ना?"

"हो ना. बांगडे आहेत जेवायला. काटे मी काढून देईन."

"मी बौद्धवाड्यातली आहे," मी डोळे पुसत म्हणाले, "बांगडा मला लहानपणापासून काट्यासकट खाता येतो. तू फक्त शेजारी बस."