रिकाम्या हॉलातली पब्लिक

मे महिन्यातली भर दुपार होती आणि मला फक्त माइक पोचवायचे होते. भुताची गोष्ट दुपारची कशी, म्हणून जो नाक मुरडेल त्यानं एकदा मे महिन्यात नागपूरच्या रस्त्यावर दुपारचं उभं राहून दाखवावं. कुत्रंसुद्धा दिसत नाही. रात्री निदान चौकीदार तरी खोकतो.

शहात्तर सालची गोष्ट. इतवारीत माझं लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान होतं. लग्न असो, पुढाऱ्याची सभा असो, भोंगा बाबारावचा. शाळा मी चौथीत सोडली. खरं सांगायचं तर मास्तरांच्या खुर्चीत खाजकुयली टाकली, म्हणून शाळेनंच मला सोडलं.

आमच्या गल्लीतल्या चंपतराव कोष्ट्याचा जागेश्वर बिजलीच्या गिटारवर ब्लूज वाजवायचा. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं रडगाणं. पण असं रडायचं की ऐकणाऱ्याचा पाय हलला पाहिजे. ड्रमवर शालिकराम. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं जागेश्वरला सांगितलं होतं, "स्टुडिओतलं नको. पब्लिकसमोर वाजव आणि ते टेप करून आण. टाळ्या, शिट्ट्या सगळं पाहिजे. मग रेकॉर्ड काढू." रेकॉर्ड निघाली नाही, तर गिटार विकायची आणि सोमवारपासून उमरेडच्या कोळसा खाणीवर जायचं. बापाला तसा शब्दच देऊन बसला होता बिचारा.

सीताबर्डीच्या मागं एक बंद पडलेलं नाटकगृह मिळालं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की गिटार आजारी म्हशीसारखी ओरडायची, म्हणून दुपार धरली. गावभर हँडबिलं वाटली. एक माइक गिटारला लावला, दुसरा पब्लिकच्या टाळ्यांसाठी ठेवला. पब्लिक किती आली? एक. झाडूवाली मैनाबाई, तीही झाडायला.

जागेश्वर स्टेजच्या काठावर पाय सोडून बसला. "सामान बांध गा, शालिक. खाणीतच जा लागते आता."

"थांब थोडं. ऊन उतरलं का येतीन लोकं."

"ऊन उतरलं का व्होल्टेजबी उतरते, येड्या."

मला कोणाचं रडकं तोंड पाहवत नाही, हसू फुटतं. विंगेत नाटकाची पितळी घंटा टांगलेली होती. मी गेलो आणि पहिली, दुसरी, तिसरी, सगळ्या घंटा ठणाठणा देऊन टाकल्या. "हाउसफुल्ल, मास्तर! पडदा उघडा!"

मैनाबाईचा झाडू जागीच थांबला. "तिसरी काहून देल्ली गा, बाबाराव? तिसरी झाली का खेळ करा लागते. आलेल्याले वापस धाडता येत नाही."

"आलं कोण हाये वं? तू अन् तुहा झाडू."

ती झाडू तिथंच ठेवून बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं... नाटक सुरू झालं की डोअरकीपर ओढतो, तसं.

मी म्हटलं, "वाजव रे जागू. रीत म्हणजे रीत." त्यानं चिडून तारेवर हात मारला आणि मी टेप सुरू केली.

पहिलं गाणं संपलं. हॉल चिडीचूप. आवाज थांबला की टेपचा काटा खाली पडतो. हा पडेना. लाल पट्टीत जाऊन थरथरत राहिला. मी हेडफोन कानाला लावला.

टाळ्या. हॉल भरून टाळ्या.

काढला, शांतता. लावला, शिट्ट्या. आणि त्या तापल्या पत्र्याखाली गारवा पसरला. ओल्या वाळ्याचा वास, मोगऱ्याचा, विड्यांच्या धुराचा... जसा भरलेल्या थेटरात असतो. जन्मभर लोकांची फिरकी घेतली. माझी घेणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं. खोटं कशाला बोलू, मला मजाच वाटली. फक्त मानेवरचे केस तेवढे ऐकत नव्हते.

"थांबू नोको," मी हळूच म्हणालो.

"काहून?"

"वन्स मोअर मागून राहिले..."

"कोण?"

"तू वाजव गा... फक्त समोर पाहू नोको."

शालिकरामनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा त्या काळोख्या हॉलकडं पाहिलं आणि डोळे मिटून ठोका दिला. मग टेप संपेपर्यंत दोघं थांबले नाहीत. जागेश्वर त्या दुपारी जसा वाजला, तसा पुन्हा कधी वाजला नाही.

संध्याकाळी चंपतरावच्या ओसरीवर टेप लावली. म्हातारा भिंतीकडं तोंड करून पडला होता. "झाली का नौटंकी?" एवढंच बोलला. तिसरं गाणं संपलं, टाळ्या उठल्या, आणि त्या टाळ्यांतून एका बाईचा आवाज आला, "हळू वाजव रे जागू... बोटं दुखतीन."

चंपतराव उठून बसला. जागेश्वरची माय, सुभद्रावहिनी, गेली तेव्हा तो दुधाच्या दातांचा होता.

"पुन्हा लाव," म्हातारा म्हणाला. पुन्हा लावली. मग त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "खाणीवर नोको जाऊ. तुही माय ऐकून राहिली."

रेकॉर्ड निघाली, खपलीही. कंपनीचा माणूस म्हणाला, एवढी रंगलेली पब्लिक आणली कुठून? मी म्हटलं, लांबलांबून आली, साहेब.

काही वर्षांनी चंपतराव गेला. जागेश्वरनं रेकॉर्ड लावली, निदान माय तरी भेटेल म्हणून. तिसरं गाणं संपलं. टाळ्या आल्या, आवाज आला नाही. एक खुर्ची करकरली, तिच्या बाजूची दुसरी करकरली, आणि मागं कुठंतरी दार लागलं. पोरगा रडता रडता हसला. "संगंच गेले, बाबारावभाऊ. बुढा न्याले आला तिले."

तेव्हापासून त्या टाळ्या पातळ होत चालल्या आहेत. ज्याला न्यायला कोणी येतं, तो उठतो आणि जातो. माझ्याजवळ एक रेकॉर्ड आहे, तिच्यात आता एकच माणूस उरला आहे. आधी तो पार मागच्या रांगेत टाळी वाजवायचा. मग मधल्या रांगेतून आवाज यायला लागला. परवा लावली तर टाळी नव्हतीच. नुसता श्वास होता, माइकला अगदी चिकटून.

तो माइक पब्लिकसाठी ठेवलेला होता. त्या दुपारी मी तो मांडीवर घेऊन बसलो होतो.