शनिवारचा भुलीचा डॉक्टर

येसूबाईला एसटी लागते, म्हणून मी सोबत गेले. नाहीतर महाडच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्याशी माझा काय संबंध? मी उमरठच्या बालवाडीची बाई, आणि चांगू माझ्या बालवाडीतला तिरळ्या डोळ्याचा, महाबिलंदर पोरगा. त्याचं ऑपरेशन होतं. येसूबाई त्याची आजी. पोलादपूर यायच्या आतच ती ओकून ओकून अर्धी झाली होती.

दारात हिरव्या टोपीतला एक तरुण डॉक्टर उभा होता. दर शनिवारी मुंबईहून यायचा, भूल द्यायला.

"आजी, सकाळपासून नातवाने काही खाल्लंय?"

"नाय."

"नक्की?"

"नाय वो! तुमीच सांगितलंत ना, उपाशी आणा."

तो चांगूला उचलून आत नेणार, तेवढ्यात मला राहवेना. येसूबाई आणि पोराला उपाशी ठेवणार? छट्!

"गो येसूबाय, पेज दिलीस का याला?"

"दिली की. पेज म्हंजे काय खाणं हाय?"

डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला. पोट भरलेलं असताना भूल दिली तर झोपेत ओकारी होते, ती श्वासात जाते, पोरगं हातचं जाऊ शकतं... हे त्याने मला मागाहून सांगितलं. तेव्हा मात्र त्याने चांगूला खाली ठेवलं आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. असं पाहिलं, की मी उगाच पदर सारखा केला.

"ऑपरेशन पुढच्या शनिवारी," तो म्हणाला. "आणि बाई... तुम्हीही या."

"मी कशाला? माझे डोळे सरळ आहेत."

"म्हणूनच समोर बघायची पंचाईत झालीय."

आगाऊ मेला! पण हसू आलं हो मला.

त्याचं नाव श्रीपत. "हे नाव आजोबांकडून उसनं आणलंत की काय?" मी विचारलं, तर म्हणे, "आजोबांचंच आहे. शकू म्हणून हाक मारली तुम्हाला, तर चालेल?" अजून ओळख धड झाली नव्हती, आणि हे!

पुढच्या शनिवारी चांगूचं ऑपरेशन झालं, आणि मग मी दर शनिवारीच जायला लागले. आयांना मी आमच्या भाषेत विचारायची. पेज दिलीस? चहा पाजलास? वाटेत उसाचं कांडकं दिलंस? पोरांना भुलीच्या यंत्राचा काळा रबरी फुगा दाखवायची, फुंकर मारायला शिकवायची. श्रीपत मास्क आधी स्वतःच्या नाकाला लावायचा आणि म्हणायचा, "वास घाण आहे. मलाही आवडत नाही." पोरांशी तो कधी खोटं बोलला नाही. बाकी काही असो, मी भाळले ती त्याच्या या एका गोष्टीवर.

संध्याकाळी तो मला स्टँडपर्यंत सोडायला यायचा. श्रावणातली भुरभुर, सावित्रीचं गढूळ पाणी, आणि दोघांत एकच छत्री.

"तुमची छत्री गळते, डॉक्टर."

"म्हणून तर जवळ यावं लागतं."

"लोक बघतायत."

"बघू देत ना... दिवाळीनंतर आईला सांगणारच आहे मी. लग्न करायचंय मला, शकू. तुझ्याशी."

एसटीत बसले ती थेट उमरठपर्यंत खिडकीबाहेर बघत एकटीच हसत होते.

दिवाळी झाली आणि आंबेनळी घाटाच्या खालच्या वाडीतून तुळसा आली. एवढीशी पोर. एका डोळ्याने दिसत नव्हतंच, दुसऱ्याचा पडदा आतून बिघडत चालला होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मुंबईला लेसरचं यंत्र आहे, त्याने हा डोळा वाचेल कदाचित. पण पोर जरासुद्धा हलता कामा नये, म्हणून तिथेही भूल द्यावी लागेल. आधी इथे महाडला भूल देऊन डोळा आतून नीट बघू.

"तिला मुंबईला तूच घेऊन ये," श्रीपत म्हणाला. "आमच्याच घरी उतरा." मी लगेच नवी साडी घेतली. एवढी खुळी!

तपासणीच्या शनिवारी त्याने मला व्हरांड्याच्या टोकाला ओढलं.

"शकू, आई येतेय आज. गाडीने महाबळेश्वरला चाललेत सगळे, मला घ्यायला थांबणार आहेत. तिने विचारलं तर... आडनाव सांगू नकोस. आणि बौद्धवाडीचं तर नकोच. आधी तू तिला आवडशील, मग हळूहळू—"

मी हात सोडवून घेतला.

"पोरांशी खोटं बोलत नाही ना तुम्ही?"

"ते वेगळं गं."

"काय वेगळं? माझा आजा चवदार तळ्यावर भरदिवसा गेला होता. मार खाल्ला, पण तोंड लपवलं नाही. मी लपवू? तुमच्या आईपुढे? आज त्यांनी विचारलं तर खरं सांगा. मी तुमची कोण, एवढंच. दुसरं काही नको मला."

तो घाईने आत गेला.

आत तुळसाने मास्क हाताने दूर धरला. "मी उठेन तवा तू इथंच हायस ना रे, डागदर?"

"आहे. मी आणि तुझ्या बाई, दोघंही."

तिने फुंकर मारली आणि झोपली. डोळा तपासून झाला. लेसरने वाचेल, डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. राहीबाईने, तिच्या आईने, माझे हात घट्ट धरले. तुळसाला कॉटवर आणलं. औषध घातलेल्या डोळ्यांवर पट्ट्या, श्वास छान चाललेला, उशाशी गीताबाई नर्स.

तेवढ्यात त्याची आई आली. बाई चांगल्या होत्या, मुद्दाम सांगते. माझ्याकडे बघून हसल्या.

"ही कोण रे, श्रीपत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली, स्वतःच्या बुटांकडे.

"पेशंटबरोबर आलीय."

"हो का? चल बाबा, घाट उजेडात चढलेला बरा."

तो गेला. जाताना ओठांनीच काहीतरी पुटपुटला, मी समजून घेतलंसुद्धा नाही. मला सांगता आलं असतं हो, नाव, गाव, आडनाव, सगळं! पण सांगायचं त्याने होतं.

गाडीचा आवाज पोलादपूरच्या दिशेने विरला आणि तुळसा हलली. हात चाचपत माझ्या मनगटापर्यंत आला.

"बाय... डागदर हाय?"

गीताबाईने मला खुणावलं, हो म्हण, रडू देऊ नकोस.

"नाय गो," मी म्हटलं. "गेला तो."

"मग ममईला मला नीज कोण आणील?"

"दुसरा डागदर हाय तिथं. आपण वरळीला माझ्या काकाकडं उतरू. मी हाय ना."

तिने माझं मनगट आणखी घट्ट धरलं.

"पन तो बोलला व्हता ना गो, इथंच ऱ्हाईन म्हणून..."

"मलापन तसंच बोलला व्हता गो, तुळसा."