जिन्याखालच्या खोलीतली ओ

भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्याला वाटतं, त्यानं हे वाचायच्या भानगडीत पडू नये. माझ्यासोबत झालं ते सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, लख्ख उन्हात, साडेतीनशे पोरं मैदानावर उभी असताना.

तारीख १८ डिसेंबर २०२४, बुधवार. छत्रपती संभाजीनगर, सातारा परिसरातली एक शाळा. नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथंच शिकवते आणि मला नोकरी टिकवायची आहे.

मी प्रेरणा. चौथीची वर्गशिक्षिका. पोरं माझ्या मागं मला 'खडूस मॅडम' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. खोटं बोललेलं मला खपत नाही, म्हणून मीठमिरची लावून काही लिहिणार नाही. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या.

त्या दिवशी शाळेत मॉक ड्रिल होतं. भूकंप आला तर काय करायचं, त्याची तालीम.

आठवडाभर तयारी चालली होती. घंटा सलग वाजली की बाकाखाली शिरायचं. दप्तर डोक्यावर धरायचं. घंटा थांबली की रांगेनं मैदानावर. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. मी तर घरचा अभ्यासही दिला होता, 'घर हाललं तर सगळ्यांनी कुठं जमायचं, ते आईबाबांना विचारून लिहून आणा.' एकानं लिहिलं, 'आजी म्हणाली असलं अभद्र बोलायचं नसतं.' दुसऱ्यानं लिहिलं, 'पप्पा म्हणाले, मॅडमलाच विचार.' आता यांना काय बोलणार!

माझ्याकडं शोधाचं काम होतं. सगळी पोरं बाहेर पडली की मागं राहायचं, प्रत्येक खोलीत डोकवायचं आणि हाक मारून बघायचं, आत कुणी राहिलंय का.

मी प्रत्येक खोलीत मोजून तीन हाका मारते.

आमचे खेळाचे प्रणय सर त्यावरून लई पिडायचे. "अरे मॅडम, भूकंप काय तुमच्या तीन हाका होईस्तोवर थांबणार हाय का?" सगळी स्टाफरूम हसायची. मीपण हसायची. त्यांना कारण माहीत नव्हतं.

तुम्हाला सांगते.

चितेगावच्या पुढं, बिडकीनच्या अलीकडं आमचं गाव. सप्टेंबर २०२१ची गोष्ट. कोरोनामुळं शाळा मोबाईलवर भरत होती, म्हणून मी गावीच होते. घरात माझी आई साळूबाई, भाऊ इंद्रजीत, वहिनी आणि त्यांची एकुलती एक लेक श्रेया. आठ वर्षांची. दिवसभर "आत्या, आत्या" करत माझ्या पाठीमागं. लेकरानं मला नुसता जीव लावला होता.

पुढं स्लॅबचं घर आणि मागं पांढऱ्या मातीच्या भिंतींची एक जुनी खोली. वर पत्रे. आत सरपण, मोडकी बाज, असली अडगळ.

चार दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला...

धप्प असा आवाज झाला.

मागची भिंत बसली होती. पत्रे खाली आले होते.

भाऊ कामावर होता, वहिनी बिडकीनला दवाखान्यात गेली होती. मी पावसात तशीच धावले. पत्र्यांवर पाऊस नुसता बडवत होता.

"श्रेयाऽऽ!"

काही नाही.

"श्रेयाऽऽ!"

काही नाही.

मला वाटलं, ती इथं नाहीच. काकासाहेबांच्या घरी टीव्ही बघायला गेली असेल. शेजारचंच घर, रोज जायची. मी तिकडं पळाले. तिथं नव्हती. मग मारुतीच्या पारावर, मग शाळेच्या ओट्यावर, मग तिच्या दोन मैत्रिणींकडं. पाऊण तास गेला.

परत आले तर आई मागच्या दारात उभी होती.

तिच्या हातात... श्रेयाची एक चप्पल होती.

गावातल्या माणसांनी माती उपसली. श्रेया बाजेखाली सापडली. त्या खोलीत मांजर व्याली होती, पिल्लं बघायला गेली होती बिचारी. अंगावर साधा ओरखडा नव्हता. डॉक्टर म्हणाले, मार लागून गेली नाही, गुदमरून गेली. म्हणजे बराच वेळ जिवंत होती.

तिसऱ्या दिवशी सगळे माती सावडून आले, तेव्हा आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "मीच सांगितलं व्हतं गं तिला. दोन हाकांना ओ द्यायची नाय. बाहेरचं असतं ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली तर माणूस समजायचं. ती माझं ऐकून गप बसली आसंल."

आमच्याकडं सगळ्याच लेकरांना हे सांगतात. मलाही आईनंच सांगितलं होतं. मला माहीत होतं हो! तरी मी दोन हाका मारल्या आणि निघून गेले.

त्यानंतर आईनं श्रेयाचं नाव काढलं नाही. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची, उठायची. झोप तर गेलीच. इंद्रजीतनं ती खोली पाडून जागा सपाट केली. मी दारामागं एक पिशवी टांगली. तिच्यात बॅटरी, औषधं, कागदपत्रं आणि एक शिट्टी. आईला समजावलं, "काही झालं, अडकलीस, तर ही वाजवायची."

आई म्हणाली, "मला कशाला? मला नगं कुणी काढायला."

तीन वर्षं ती डोळ्यांदेखत वाळत चालली होती. डॉक्टर झाले, देव झाले. आई जाणार, एवढंच आम्हाला दिसत होतं.

आता त्या बुधवारचं सांगते.

ड्रिल बघायला बाहेरून एक साहेब आले होते. हातात घड्याळ, मानेत ताठा. पाच मिनिटांत शाळा रिकामी झाली पाहिजे म्हणे. आमचे मुख्याध्यापक सकाळीच माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मॅडम, आज जरा आटपतं घ्या."

अकरा वाजून पाच मिनिटांनी घंटा सुरू झाली.

पोरं बाकाखाली गेली. काही हसत होती, एक रडायला लागलं. घंटा थांबली, रांगा निघाल्या. माझ्या वर्गाची त्या दिवशीची हजेरी छत्तीस. शेजारच्या वर्गाच्या दमयंती मॅडमनी मैदानावर मोजली, छत्तीस. "सगळी आली, मॅडम!" असं त्या खालून ओरडल्या.

मी वरच्या मजल्यावरून सुरुवात केली.

रिकामी शाळा तुम्ही कधी ऐकलीय का? एका वर्गात पंखा तसाच फिरत होता. कुठंतरी नळ ठिबकत होता. माझ्याच चपलांचा आवाज माझ्या पुढं जात होता.

प्रत्येक खोलीत तीन हाका. कुणी नाही.

शेवटी जिन्याखालची खोली राहिली. खेळाचं सामान ठेवतात ती. गाद्या, ढोल, लेझमी. मैदानावरून शिट्टी वाजली आणि प्रणय सर ओरडले, "चला ना मॅडम, साहेब टाइम लावून उभे हायेत!"

मी दार ढकललं. आत अंधुक होतं. गाद्यांचा कुबट वास आला.

"कुणी आहे का?"

काही नाही.

"आत कुणी आहे का रे?"

काही नाही.

आणि मी वळले. देवाशपथ सांगते, तीन वर्षांत पहिल्यांदा मी दोन हाका मारून वळले. त्या साहेबाच्या घड्याळापायी. आजही स्वतःला दोन थोबाडीत माराव्या वाटतात.

चार-पाच पावलं गेले असेन.

मागून...

"ओ..."

मी जागीच थांबले. भास असेल म्हटलं. कान टवकारले.

"ओ... आत्या..."

शाळेत मला कुणी आत्या म्हणत नाही. आत्या म्हणणारं माझं एकच लेकरू होतं.

पळून जावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? मैदान पंचवीस पावलांवर होतं, पोरांचा गलका ऐकू येत होता. पण मी पुन्हा त्या दारातून मागं फिरणार होते का? मी आत गेले.

गाद्या ओढल्या.

मागं भिंतीला टेकून चारुता बसली होती. माझ्याच वर्गातली. मान एका बाजूला पडलेली, ओठ निळे, शुद्ध नाही.

ती उशिरा आली होती. हजेरी होऊन गेली होती, म्हणून कागदावर गैरहजर. वर्गात पोचायच्या आतच घंटा वाजली, लेकरू बावरलं आणि दिसेल त्या दारात शिरलं. तिला दमा आहे. त्यात त्या गाद्यांची धूळ. खाली छत्तीस मोजून सगळे निवांत झाले होते आणि ही सदतिसावी आत घुसमटत होती.

मी तिला उचललं आणि बाहेर धावले. मुख्याध्यापकांच्या गाडीतून दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "अजून पाच-दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं."

संध्याकाळी ती उठून बसली होती. मी पेढे घेऊन भेटायला गेले. तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, तू ओ दिलीस म्हणून मी आले, हो की नाही?"

ती म्हणाली, "नाही मॅडम. तुमची पहिली हाक ऐकली मी. पण आवाजच निघंना. नंतर काही आठवत नाही."

मी पेढ्यांचा पुडा तिच्या उशाशी ठेवला.

तेवढ्यात तिच्या आईनं तिचा स्वेटर पिशवीतून काढला. "मॅडम, शाळेत कुठं बांधकाम चालू आहे का हो?"

स्वेटरच्या बाहीवर...

पांढरी माती होती. चार लहान बोटांची. कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी.

आमच्या शाळेत खाली फरशी, बाहेर मुरूम. पांढरी माती औषधालाही सापडणार नाही. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. मी हात लावून बघितला... माती ओली होती.

शनिवारी मी गावी गेले. आईला सांगावं की नाही, काही सुचेना. सांगितलं तर हाय खाऊन बसेल, न सांगावं तर माझ्या पोटात राहीना. ती ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं.

आई मेथी निवडत राहिली. मला वाटलं, तिनं ऐकलंच नाही.

मग तिनं विचारलं, "आवाज कसा व्हता?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रणय सरांना नाही, इंद्रजीतला नाही. पण आईशी खोटं कसं बोलू?

"बसलेला होता गं आई. घसा पार बसला होता. लेकरू वरडून वरडून दमतं ना, तसा."

आईच्या हातातली काडी खाली पडली.

"म्हंजे वरडली व्हती ती?" आईनं माझा दंड धरला. "प्रेरणा, ती गप नव्हती बसली. माझं ऐकून नव्हती बसली गं ती! वरडली व्हती माझी बाय!"

आणि तीन वर्षांत पहिल्यांदा आई मोकळी होऊन रडली. "श्रेये, श्रेये गं" करत, छाती पिटत. वहिनी आतून पळत आली, तीही रडायला लागली. शेजारच्या बाया गोळा झाल्या.

त्या रात्री आईनं अख्खी भाकरी खाल्ली. सकाळी वहिनीनं हलवून उठवेपर्यंत झोपली होती. आता तिच्या अंगावर मांस धरलंय. परवा तर सुनेशी भांडली. इंद्रजीत म्हणतो, देव पावला.

मलाही बरं वाटतं. आईसाठी.

पण श्रेया ओरडली होती, तर मग तिनं माझ्या पहिल्याच हाकेला ओ दिली असेल. दुसरीलाही दिली असेल. मी निघून जाताना मागून "आत्या, आत्या" करत राहिली असेल, घसा बसेपर्यंत. मी पत्र्याला कान लावला असता तर... मी लावला नाही. आईच्या हे ध्यानात आलेलं नाही. येऊही नये.

शोधाचं काम मी अजून करते. हाका किती मारते ते आता मोजत नाही. हाक मारते आणि श्वास धरून उभी राहते. प्रणय सर हसायचे बंद झालेत.

गेल्या जुलैत पुन्हा ड्रिल झालं. बाहेर धो धो पाऊस. सगळी पोरं पुढच्या मोठ्या शेडखाली उभी केली होती, एक ना एक मोजून, पाचवीत गेलेल्या चारुतासकट. मी जिन्याखालच्या खोलीच्या दारात उभी राहिले आणि हाक मारली.

दमयंती मॅडम हाताला धरून न्यायला आल्या, तोवर मी तिथंच होते. "काय ऐकताय मॅडम?" त्यांनी विचारलं.

शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की आतून काही येत होतं की नव्हतं, ते मला सांगता आलं नाही.