सिस्टरबाईंचं मानपत्र

शाईला विरजण लावायचं काम अद्वैतअण्णा तोडकर कुणावर सोपवत नसत. संध्याकाळी छापखाना बंद करताना दिवसभरातली वाटीभर शाई बाजूला काढायची, तिच्यात कोमट पाणी आणि दोन चमचे ज्वारीची पेज घालायची, आणि बरणी फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायची. सकाळी बरणी भरून शाई तयार. थंडीत कधी नीट लागत नसे. मग त्या दिवशीच्या लग्नपत्रिका जरा पाणचट निघत. शाई नासली म्हणून एक लग्न मोडल्याचंही उदाहरण तालुक्यात होतं, पण ते लग्न तसंही होणार नव्हतं.

या शाईला श्वासशाई म्हणत. ती जिवंत होती. तिच्यात रंग असा नव्हताच. होते ते डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. मोराच्या पिसात निळा रंग कुठे असतो? पीस कुटलं तर मातकट भुकटी हाती लागते. त्या पिसाची वीण अशी असते की उजेड तिच्यावरून निळा होऊन परततो. या जिवाणूंचंही तसंच. कागदावर पडले की ते शाळेच्या कवायतीसारखे रांगा धरून उभे राहत. रांगांमधलं अंतर जरा कमी केलं की निळा, जरा वाढवलं की हिरवा, आणखी वाढवलं की तांबडा. एका बरणीत सगळं इंद्रधनुष्य, आणि यंत्र धुतलेलं पाणी थेट वांग्याच्या वाफ्यात.

खरी गंमत पुढे होती. जिवंत म्हटल्यावर त्याला खायला हवं. श्वासशाई माणसाच्या श्वासावर जगे. त्यातला ओलावा, ऊब आणि आपण बाहेर टाकलेली हवा एवढं तिला पुरे. छापलेलं कुणी जवळ धरून वाचलं की रंग टवटवीत होई. पंधरवडाभर कुणी वाचलंच नाही, तर जिवाणू उपाशी मरत, रांगा मोडत, आणि अक्षरांची पांढरी धूळ होई. कागद झटकायचा की पुन्हा कोरा. एक कागद सात-आठ वेळा वापरला जाई. जंगलं वाचली, नद्या निवळल्या, आणि जगात काय वाचलं जातं अन् काय नाही, हेही एकदाचं सर्वांना कळलं.

निवडणुकीचे जाहीरनामे वाटून होण्याआधीच कोरे होऊ लागले. विमा कंपन्यांच्या नियम-अटी तर गोदामातच पांढऱ्या पडत. वाचनालयात काही कवी स्वतःच्या संग्रहांवर फुंकर घालताना पकडले गेले. त्यांना समज देऊन सोडण्यात आलं.

अद्वैतअण्णांचा छापखाना विट्याजवळच्या बोरजाई गावात, ओढ्याच्या काठी होता. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथे जुन्या रासायनिक शाईवर छपाई चाले, आणि रॉकेलनं धुतलेल्या रोलरचं पाणी ओढ्यात जाई. ओढा सोमवारी लाल, मंगळवारी निळा. गावाला त्याचं कौतुक होतं. आरोग्य केंद्रात प्रियांका भोरे नावाची तरुण सिस्टर होती. एका उन्हाळ्यात पोरांच्या अंगावर चट्टे का उठतात हे तिनं आठवडाभर पाहिलं, आणि एका सकाळी ओढ्यातलं पाणी कपबशीत घेऊन छापखान्यात आली.

"घ्या तोडकर, चहाच्या जागी."

वडिलांनी कपात पाहिलं. मंगळवार होता.

"हे कसं पिणार, सिस्टर?"

"सवय लागते. तुमचा मुलगा रोज पोहतो त्यात."

तो मुलगा म्हणजे अद्वैत. त्याला या जगात आणलंही याच सिस्टरनं, पायाकडून येत असताना, कंदिलाच्या उजेडात. वडिलांनी त्या दिवशी यंत्र थांबवलं ते थांबवलंच. कर्ज काढून सोयाबीनच्या तेलाची शाई आणली, आणि पुढे मुलानं श्वासशाई. गावातली ही पहिली हिरवी छपाई. अद्वैतअण्णा सांगत, "माझा जन्म आणि माझा धंदा, दोन्ही सिस्टरबाईंनी सुईणपण करून काढलेत."

आता सिस्टरबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. (त्या काळात आज्यांची नावं प्रियांका, स्नेहल अशीच असत.) गावानं त्यांचा सत्कार ठरवला, आणि सत्कार म्हटल्यावर मानपत्र आलं. सरपंच रोहन मोहिते मजकूर घेऊन छापखान्यात आले. मजकूर पाव पान होता, आणि खाली नावं दोनशे चौदा.

"एवढी नावं?" अण्णा म्हणाले.

"एक गाळून दाखवा," सरपंच म्हणाले. "मागल्या खेपेला मास्तरांच्या मानपत्रात पवारांच्या धाकट्याचं नाव ऱ्हायलं. दोन वर्षं झाली, अजून आमच्या दारावरनं जात न्हाई. मळ्यातनं वळसा घालतो."

"बरं. घालू सगळी."

"आन् झकास काच लावून फ्रेम करा. सागवानी."

"काच नाही चालायची, सरपंच. काचेतून श्वास जात नाही. पंधरा दिवसांत कोरा कागद टांगलेला दिसेल."

मानपत्र आणि काच यांची ताटातूट सरपंचांच्या कल्पनेबाहेरची होती. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि पिशवीतून एक गंजलेला डबा काढला. "आज्याच्या दुकानात सापडला. जुन्या काळची शाई. बंदी हाय म्हायताय मला. पर एका कागदानं काय ओढा तांबडा हुतोय? पिढ्यान्पिढ्या टिकंल, अण्णा. सिस्टरबाईंचं नाव हाय. पुसून चालंल व्हय?"

हाच तर प्रश्न होता. अण्णांनी झाकण उचकटलं. आत घट्ट, काळीनिळी साय होती, आणि वास थेट लहानपणीचा. या शाईला कुणाच्या श्वासाची गरज नव्हती. गाव विसरलं तरी ही विसरणार नव्हती. ज्या बाईचे आपल्यावर असे उपकार, तिचं नाव लोकांच्या येण्याजाण्यावर सोडायचं, की एकदाच पाप करून कायमचं ठोकून बसवायचं?

दोन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. शेवटी ते मिरजेला गेले. श्वासशाईचं मूळ विरजण जिच्याकडून आणलं ती डॉ. अल्फिया मुजावर तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करत असे. वयानं बरीच लहान, पण अण्णा तिला मॅडमच म्हणत.

"मॅडम, न मरणारी शाई करता येईल का?"

"येईल की. तिला रंग म्हणतात. आपण तोच बंद केला."

"चेष्टा नको."

"अण्णा, ही शाई लवकर मरत नाही. माणसं लवकर विसरतात, आणि ती चहाडी करते एवढंच." तिनं एक छापील कागद तोंडाजवळ धरून हलकेच श्वास सोडला. फिकट अक्षरं पाहता पाहता हिरवीगार झाली. "ओलावा मिळाला की रांगा नीट होतात. पण श्वास कंदिलासारखा असतो, वीतभर अंतरापर्यंतच पोचतो. कागद भिंतीवर लावणार असाल तर लोक जवळ येतील असं बघा."

"येतील की! सिस्टरबाईंच्या घरी मानपत्र लागलंय म्हटल्यावर गाव लोटेल."

"मग काळजी कशाची?"

अण्णांना खरंच काळजी उरली नाही. परत येऊन त्यांनी तो डबा तालुक्याच्या विषारी कचरा केंद्रात जमा केला, रीतसर पावती घेतली, आणि सरपंचांना सांगितलं, "जिनं ओढा स्वच्छ केला, तिच्या नावासाठी तो डबा वापरला तर ती कपबशी घेऊन पुन्हा येईल." सरपंचांना कपबशीची गोष्ट ठाऊक होती. त्यांनी काचेचा हट्टही सोडला.

मग अण्णांनी जीव ओतून काम केलं. शाईला ज्वारीऐवजी नाचणीची पेज घातली. तीन प्रुफं काढली. सिस्टरबाईंचं नाव त्यांनी छापखान्यातल्या सर्वांत मोठ्या अक्षरात बसवलं, तळहाताएवढ्या, मोरपिशी. मजकूर त्याखाली ठसठशीत. मग उरलेल्या जागेत दोनशे चौदा नावं कशी मावणार? ती मुंगीच्या पायासारखी बारीक केली. शेवटी जेवढा मान मोठा तेवढं अक्षर मोठं, हे छपाईचं शास्त्र त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, वडिलांना त्यांच्या वडिलांनी.

सत्कार थाटात झाला. पुढे अण्णांचा हंगाम सुरू झाला. लग्नपत्रिका, शाळांच्या वह्या, जत्रेची पत्रकं यांत तीन महिने गेले. एका रविवारी दुपारी ते नाचणीच्या पापड्या घेऊन सिस्टरबाईंच्या घरी गेले.

मानपत्र ओसरीतच होतं. उंबऱ्यातच अण्णांचे पाय थबकले.

कागदाचा वरचा अर्धा भाग धुतल्यासारखा पांढरा होता. नाव नाही, मजकूर नाही. आणि खाली मात्र नावं! दोनशे चौदा बारीक नावं, हिरवी, निळी, जांभळी, पाचूंचा चुरा सांडावा तशी लखलखत होती.

"ये, अद्वैता," सिस्टरबाई म्हणाल्या. "दारात का उभा?"

"सिस्टरबाई... तुमचं नाव?"

"गेलं की. पहिल्याच महिन्यात गेलं."

"पण गाव येतंय म्हणत होते! रांग लागली होती म्हणत होते!"

"अरे, येतं तर. अजून येतं." त्या हसू लागल्या. "येतात, उंबऱ्यातूनच म्हणतात, वा, काय अक्षर आहे! मोठं आहे ना, तिथूनच वाचता येतं. मग आत येतात, चष्मा लावतात, कागदाला नाक लावून आपलं नाव शोधतात. सापडलं की भावाचं शोधतात. मग ज्याच्याशी भांडण आहे त्याचं. पवारांचा धाकटा तर तीनदा येऊन गेला."

अण्णा पापड्या बाजूला ठेवून खाटेवर बसले. ज्या नावाला त्यांनी सर्वांत मोठं केलं, तेच कुणाच्याही श्वासापासून सर्वांत लांब गेलं होतं. आपल्याच हातांनी, आपल्याच कृतज्ञतेनं.

"तुम्ही तरी वाचायचं होतं, सिस्टरबाई. तुमचा श्वासही पुरला असता."

"मी? आपली स्तुती काय नाक लावून वाचायची? शोभतं का या वयात?"

"मी उद्याच दुसरं करतो. तुमचं नाव बारीक..."

"काही करू नकोस." त्या उठून कागदापाशी गेल्या; हात कमरेवर, तोंड जरा मागेच. "हे बघ, दोनशे चौदांतले एकशे एकाहत्तर माझ्या हातावर झालेत. हा पायाळू. तुझ्यासारखाच. ही जन्मली तेव्हा रडेना, उलटी धरून दोन चापट्या दिल्या. आता तहसीलदार आहे. माझं नाव कशाला हवं वर? पूर्वी ही मंडळी दुखलं-खुपलं तरच यायची. आता धडधाकट येतात, गप्पा मारतात, चहा पितात. पुण्याला गेलेल्यांची नावं फिकी पडायला लागली की त्यांच्या आया येऊन श्वास घालून जातात. एवढा राबता या घराला चाळीस वर्षांत नव्हता. तू मला माणसं दिलीस, बाबा. मी तुझे आभार मानणारच होते."

त्यांच्या आवाजात कुठे खोच आहे का, हे अण्णांनी कान देऊन ऐकलं. नव्हती. तेच जास्त जड गेलं.

"थांब, चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या.

अण्णा एकटे उरले. ते उठून मानपत्रापाशी आले. वरच्या पांढऱ्या भागावर त्यांनी बोट फिरवलं; बोटाला थोडी धूळ लागली. मग, काही विचार न करता, ते खाली वाकले. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, छापणाऱ्याची एक ओळ असते. ती सरळ बसली आहे ना, ठसा नीट उमटला आहे ना, हे पाहायची तीस वर्षांची सवय. नाक कागदापासून चार बोटांवर आलं. ओळ होती. शेजारच्या नावांच्या उष्ट्या श्वासावर कशीबशी तगून होती. 'मुद्रक : अद्वैत तोडकर, बोरजाई.' त्यांनी ती वाचली, आणि वाचता वाचता ती भरत गेली, आधी पोपटी, मग हिरवीगार.

तेव्हा आपणही काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी झटकन श्वास रोखून धरला.

"अद्वैता," आतून सिस्टरबाईंनी विचारलं, "साखर किती घालू रे?"

उत्तर द्यायचं तर श्वास सोडावा लागणार होता.